बारा चित्रांचा हिशेब

हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्रें घेणारें यंत्र असतें. एखाद्या मुंजीच्या दिवशीं घरांतलीं माणसें मिळून हजार चित्रें सहज घेतात, आणि महिन्याभरानें त्यांतलें एक पाहावयाचें म्हटलें तर तें सांपडत नाहीं. यांत यंत्राचा दोष नाहीं. ज्या वस्तूला दाम पडत नाहीं तिची निवड करण्याचा प्रसंगच मनुष्यावर येत नाहीं, इतकेंच. आमच्यावर तो प्रसंग आणला एका जुन्या कॅमेऱ्यानें. आणि त्या निमित्तानें, आमच्या घरच्या छायाचित्रांत कोण नाहीं, हें आम्हांस प्रथमच दिसलें.

हा कॅमेरा आमच्या थोरल्या काकांचा. जर्मनींतील म्यूनिक येथें आग्फा कंपनीनें बनविलेला, ‘इसोलेट’ जातीचा, घडी होणारा. बटण दाबलें कीं झांकण उघडून भात्यासह भिंग पुढें येतें. मिटला कीं कोटाच्या खिशांत मावतो. त्याला लागणारी १२० क्रमांकाची फिल्म कोडॅक कंपनीनें १९०१ सालीं आणली. ती आजहि विकत मिळते, आणि एका गुंडाळीवर सहा सेंटिमीटर चौरसाचीं बारा चित्रें निघतात. काकांच्या मागें तीस वर्षें तो कपाटांत चामड्याच्या पेटींत पडून होता. तो दिवाणखान्यांत शोभेला ठेवावा, असें घरांत कांहींचें मत पडलें. विकून टाकावा, असें इतरांचें. आम्ही व आमचा पुतण्या मात्र तो चालता करावा या मताचे होतों.

या जातीच्या कॅमेऱ्यांचे रोग ठरलेले आहेत. पहिला वंगणाचा. भिंगाच्या आंट्यांत कारखान्यांतून घातलेलें हिरवें वंगण कालांतरानें लाखेसारखें घट्ट होतें. अंतर जुळविण्यासाठीं पुढचें भिंग फिरविलें तर त्याच्या मागचेंहि सोबत फिरतें, आणि चित्राची स्पष्टता कायमची बिघडते. अशा वेळीं जोर करणें घातक. लायटरचें पेट्रोल थेंबाथेंबानें सोडावयाचें, तें वाळलें कीं हलकी ऊब द्यावयाची, आणि धीर धरावयाचा. आमचें भिंग सुटण्यास आठ दिवस लागले. दुसरा रोग भात्याचा. रात्रीं खोली अंधारी करून आंत लहान विजेरी धरली, तेव्हां भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर बारीक तारे लुकलुकूं लागले. प्रत्येक तारा म्हणजे एक छिद्र, आणि प्रत्येक छिद्र म्हणजे चित्रावर पांढरा डाग. काळें पातळ कापड व कागद घेऊन पुतण्यानें मोजून-मापून नवा भाता घडविला. तिसरा रोग आमच्या कोंकणच्या हवेचा. पावसाळ्यांत चामड्याची पेटी ओल धरते आणि भिंगावर बुरशीचें जाळें पसरतें. तें वेळींच पुसलें तर जातें. फार दिवस राहिलें तर कांचेवर कोरलें जातें. आमचें नशीब बरें, कडेला एक पुसट रेघ तेवढी उरली.

शेवटीं फिल्मच्या जागीं खरखरीत कांच धरून, शटर उघडें ठेवून, दूरच्या डोंगरावरच्या देवळाचा कळस त्या कांचेवर उलटा पण रेखीव उमटेपर्यंत भिंग बसविलें. प्रकाशमापक यंत्र नाहीं, म्हणून जुन्या छायाचित्रकारांचा नियम घेतला. स्वच्छ ऊन असेल तर भिंगाचें छिद्र १६ च्या आंकड्यावर ठेवावें, आणि फिल्मचा वेग १०० असल्यास शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडावें.

हें काम चालूं असतां काकांच्या निगेटिव्हांची पेटी निघाली. दोनशेंवर असतील. उजेडापुढें धरून एकेक पाहूं लागलों. मुंजी, लग्नें, सत्यनारायण, ओटीवर ओळीनें उभे राहिलेले पुरुष, पुढें मांडी घालून बसलेलीं मुलें. स्त्रिया फार थोड्या. लग्नांत नवरी आहे. पण ज्यांनीं तीन-तीन दिवस पंगती उठविल्या त्या बायका कोठेंच नाहींत. थोरल्या काकू सांपडल्या त्या एकाच चित्रांत, स्वैपाकघराच्या दाराशीं, अर्ध्या चौकटीबाहेर.

काकांनीं हें हेतूनें केलें, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याच्या हातांत कॅमेरा, त्याची नजर जिकडे तिकडे चित्र. नवसारीस १९१३ सालीं जन्मलेल्या व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. काका अंगणांत मुंजीचे फोटो घेत होते त्याच काळांत त्या दिल्लींत राष्ट्राचे सोहळे टिपीत होत्या. पण ज्यांच्या घरीं कॅमेरा होता अशा बहुतेक घरांत तो पुरुषांच्याच कपाटांत राहिला.

आतां प्रश्न आला आमच्या बारा चित्रांचा. फिल्म महाग, दुसरी आणूं म्हणावयाची सोय नाहीं. वैशाखांत सर्व मंडळी घरीं जमली, तेव्हां रात्रीं जेवणें झाल्यावर चर्चा झाली. धाकट्या वहिनी म्हणाल्या, “या खेपेस बारापैकीं अकरा बायकांचीं घ्या.” कोणी हसलें, कोणी कुरकुरलें, पण तसेंच ठरलें. काकूंचें वय नव्वदीच्या पुढें. त्या म्हणाल्या, “माझा आतां कशाला?” मग कांहीं वेळानें हळूच म्हणाल्या, “ह्यांनीं मला त्याला कधीं हात लावूं दिला नाहीं हो.”

बारावें चित्र कोणाचें, हा वाद तेथेंच मिटला. सकाळीं काकूंना ओटीसमोर खुर्चीवर बसविलें. पुतण्यानें शटर ताणून दिलें, बटण दाखविलें. आम्ही सारे पायऱ्यांवर ओळीनें उभे राहिलों. काकूंनीं बराच वेळ डोळा लावून पाहिलें, दोघांना सरकावयास लावलें, आणि बटण दाबलें.

फिल्म घरींच धुतली. डेव्हलपर २० अंशांचा हवा, आणि नळाचें पाणी तिसांवर. म्हणून परातींत बर्फ घालून त्यांत डबा ठेवला. मग हायपो. हें द्रव्य चांदीचे क्षार विरघळवितें, असें जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालींच पाहिलें होतें. वीस वर्षांनीं, छायाचित्रण जन्मास येतांच, त्याचा उपयोग सांपडला. ओली फिल्म दोरीला टांगली. बाराहि चित्रें आलेलीं. शेवटच्या चित्रांत आमच्या एका उंच भाच्याचें डोकें कापलें गेलें आहे. काकू या चित्रांतहि नाहींत. पण या वेळीं त्या कोठें होत्या, हें पाहणाऱ्यास विचारावें लागत नाहीं, कारण सर्वांच्या नजरा त्यांच्याकडे लागल्या आहेत.

पुढचे आठ दिवस काकू रोज दुपारीं निगेटिव्हांची पेटी घेऊन बसल्या आणि नांवें सांगत गेल्या. वहिनींनीं तीं पाकिटांवर लिहिलीं. दोनशेंपैकीं तीसएक माणसें ओळखणारें त्यांच्यावांचून घरांत कोणी उरलें नव्हतें.

ज्यांच्या घरीं असा कॅमेरा पडून असेल त्यांनीं तो चामड्याच्या पेटींतून काढून कोरड्या हवाबंद डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि भिंग घट्ट वाटल्यास बळ करूं नये. दुरुस्ती सावकाश झाली तरी चालेल. पण निगेटिव्हांची पेटी मात्र आजच उघडावी, आणि घरांतल्या सर्वांत वडील स्त्रीपुढें ठेवावी. यंत्राला वाट पाहतां येते.