पोहऱ्यातलं पाणी

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण गेले काही दिवस डोक्यातून हलत नाही. कुणी म्हटली, कशावरून म्हटली, ते सोडून देऊ. म्हणणाऱ्याचा रोख आमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांकडे होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

आमचा वर्ग म्हणजे बेने इस्राएल या आमच्या ज्यू समाजातल्या मुलांचा धर्मवर्ग. शनिवार हा आमचा शब्बाथ. त्या दिवशी लिहायचं नाही, म्हणून वही, फळा, खडू सगळं रविवारी. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, मुलांची ट्यूशन असते, क्रिकेटचे सामने असतात. तरी कल्याणहून, पनवेलहून आया मुलांना घेऊन येतात. पाच वर्षांची पोर आणि बार मिट्झवा या धर्मसंस्काराला टेकलेला मुलगा एकाच खोलीत बसतात. एक आलेफ, बेत, गिमेल ही हिब्रू अक्षरं गिरवतं, दुसरा तोराह या धर्मग्रंथातला आपला भाग सुरात वाचायचा सराव करतो. मागच्या बाकांवर पालक. एखाद्या मुलाला मी अक्षर विचारते, ते अडखळतं, आणि मागे त्याच्या आईची मान खाली जाते, कारण तिलाही ते अक्षर माहीत नसतं. म्हण त्या क्षणाला अगदी बरोबर बसते. म्हणूनच ती मला सोसत नाही.

आईवडिलांनी मुलांना शिकवावं, ही आज्ञा शमाच्या प्रार्थनेतच आहे. घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना शिकवावं, असं ती सांगते. शाळेचं नाव त्यात कुठे नाही. मग शाळा आली कुठून? तालमुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात याची हकीकत आहे. पूर्वी ज्याला बाप होता त्याला बापाने शिकवलं. ज्याला बाप नव्हता तो तसाच राहिला. म्हणून आधी यरुशलेममध्ये शिक्षक बसवले. पण तिथेही बाप असलेलीच मुलं पोहोचली, कारण हात धरून नेणारा बापच लागतो. मग जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षक नेमून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आणलं; शिक्षक रागावला की ती मुलं उठून चालू लागत. शेवटी यहोशुआ बेन गमला या प्रमुख याजकाने गावोगावी शिक्षक नेमले आणि सहा-सात वर्षांच्या मुलांपासून सुरुवात केली. हा काळ इसवी सन ७० मध्ये यरुशलेममधलं दुसरं मंदिर पडलं त्याच्या थोडा आधीचा. एका शिक्षकाकडे पंचवीस मुलं, असं प्रमाणही तिथेच सांगितलंय. आम्हाला पंचवीस मुलं मिळाली तर त्या दिवशी मी पेढे वाटीन.

या हकीकतीत मला धरून ठेवतं ते हे, की ज्यांच्या आडात पाणी नाही अशा मुलांसाठीच शाळा जन्माला आली. म्हण म्हणते तिथे काही येणार नाही. यहोशुआ म्हणाला, तिथूनच सुरू करा.

आणि म्हण करणाऱ्याने आड नीट पाहिला होता का, असंही मनात येतं. कोकणातल्या आडाला स्वतःचं पाणी नसतंच. आजूबाजूच्या मातीतून, कातळाच्या भेगांतून पाझरतं तेच त्याच्यात जमतं. वैशाखात तळ दिसू लागतो, पोहरा खाली टेकून खडखडतो. मग कुणीतरी आत उतरून खळग्यातलं पाणी करवंटीने पोहऱ्यात भरतं. वर दोर ओढला जातो, आणि पोहरा परत खाली येईपर्यंत खळगा पुन्हा भरत आलेला असतो. त्या दिवसांत एका हंड्याला वेळ लागतो, पण हंडा भरतो. ज्या आडावर उपसा नाही, त्याची गोष्ट निराळी. तिथे पाणी असतं, पण पिण्याजोगं राहत नाही. पालापाचोळा कुजतो, गाळ बसतो, झरे बुजतात. म्हणीतला पोहरा नुसता घेणारा आहे. प्रत्यक्षात आड जिता ठेवण्याचं निम्मं काम पोहऱ्याचं असतं, आणि म्हणीने त्याचं श्रेय त्याला दिलेलं नाही.

आमच्या समाजाचा इतिहास या पाझरावरच उभा आहे. कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, ही आम्हा सगळ्यांना लहानपणी सांगितली जाणारी कथा. त्यानंतर कोकणातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू म्हणून जे उरलं ते शमाचं वाक्य. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तेच म्हणायचं. मुलांना शिकवा ही आज्ञा त्या वाक्यानंतर तीनच वचनांवर आहे; ती वचनं विस्मरणात गेली, पण वाक्य मुलांपर्यंत पोहोचत राहिलं. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू आला, त्याने बायकांना मासळी रांधायला दिली, त्यांनी खवले आणि पर असलेली, म्हणजे ज्यू धर्माला चालणारी मासळी तेवढी वेगळी काढली, आणि त्यावरून हे लोक कोण ते त्याने ओळखलं, असं सांगतात. त्याने तीन घराण्यांतली माणसं शिकवून तयार केली, त्यांना काजी म्हणत. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. आणि ज्यांना आम्ही ख्रिस्ती व्हावं असं वाटत होतं, त्या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. आमच्यातले फार थोडे ख्रिस्ती झाले. बाकीचे हिब्रू शिकून आपल्या प्रार्थनेकडे परत आले. १८४६ मध्ये मुंबईत पेसाह सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली, १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हग्गादा निघाली, आणि तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. हे सगळं पाणी बाहेरून पाझरत आलं, आणि आज ते आमचं नाही असं कोण म्हणेल?

इथवर आलं की मला थांबून हायसं वाटायला हवं. तसं होत नाही. आड कोरडा असला तरी भरता येतो, असं म्हणताना तो कोरडा होता हे मी मान्य करून टाकते. पण तो खरंच कोरडा होता का?

हैम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला; तो छापून यायला १९३७ साल उजाडलं, तेही तेल अवीवमध्ये. त्यात जुन्या सणांची नोंद आहे. नव्याचा सण म्हणजे रोश हशाना. दार फाळणीचा सण म्हणजे योम किपूर: दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, उपास करायचा, कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे एकमेकांकडे जाणं आणि दानधर्म. खिरीचा सण होता. बिरड्याचा सण होता: मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, आणि उपास सुटताना केळीच्या पानावर बिरडं. विचार करा, यरुशलेमचं मंदिर पडल्याचं दुःख कोकणातल्या एका घरात वालाच्या बिरड्यातून पुढे गेलं. ग्रंथ नाही, पंचांग नाही, रब्बी नाही, तरी वर्षभराचे सण बायकांच्या हातांनी सांभाळले. वाल कधी भिजत घालायचे हे जिला माहीत होतं तिला तो दिवस माहीत होता. आणि मलिदा तर आजही आहे. पोहे, नारळ, गूळ, फळं असं ताट एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मांडायचं, प्रार्थना म्हणायची, सगळ्यांनी वाटून खायचं. नवस फेडायचा असो, लग्न असो, मलिद्याशिवाय आमच्याकडे काही पुरं होत नाही. मलिद्याला कसं बसायचं, हे मी वर्गात एकाही मुलाला शिकवलेलं नाही. सगळ्यांना येतं.

कीर्तनाचंही तसंच. १८८० च्या सुमारास आमच्या माणसांनी महाराष्ट्रातल्या कीर्तनाची परंपरा उचलली आणि अब्राहमाचं, योसेफाचं, मोशेचं आख्यान साकी-दिंडीत लावायला सुरुवात केली. आजीपासून मांडीवरच्या नातवापर्यंत सगळे एका सतरंजीवर बसत. मुलांची आणि कुटुंबाची एकत्र शाळा म्हणून आम्ही आज जे उभं करू पाहतो, ते त्या सतरंजीवर कधीच झालं होतं, असं मला मनापासून वाटतं. आता ती पदं म्हणू शकणाऱ्या बायका मुंबईत थोड्या उरल्यात आणि बऱ्याचशा इस्राएलमध्ये, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत आहेत.

मग माझा वर्ग नेमकं काय करतो? तो मुलांना सणाची हिब्रू नावं देतो, तारखा देतो, नियम देतो. हे सगळं खरं आहे, आणि त्यांना हवंच आहे. पण मूल घरी जातं आणि आजीला म्हणतं, तू म्हणतेस ते चूक आहे, बाई म्हणाल्या. आजी गप्प होते. मला हे आवडत नाही, आणि मूल चुकीचं बोललं असंही मला म्हणता येत नाही. माझ्या मनात भीती ही आहे, की बाहेरचं पाणी आणून ओतताना आतला पाझर बुजवला जातोय.

मागच्या बाकावरच्या आईची मान खाली जाते त्याला केवळ एक अक्षर कारण नसावं. आम्ही पुरेसे ज्यू आहोत का, हे दुसऱ्यांनी ठरवायचं, अशी वेळ या समाजावर पुन्हापुन्हा आली. १९६० नंतर इस्राएलमध्ये आमच्या लोकांच्या लग्नांबद्दल धर्मपीठाने शंका घेतली, वंशावळीची चौकशी मागितली. माणसं मुलाबाळांसह यरुशलेममध्ये निदर्शनाला बसली, आणि १९६४ मध्ये ते मिटलं. ज्यांच्या आजीपणजीने बिरडं रांधून उपास सोडला, त्यांना कागद दाखवायला सांगितलं गेलं. अशा घरांतल्या मुलीला आपल्याला काही येत नाही असं वाटत राहिलं तर दोष तिचा नाही.

पण दुसरी बाजूही मी टाळू शकत नाही. स्वयंपाकघरातली विद्या गाव असतं तोवर टिकते. गावात दहा घरं असली की एकीच्या हातून चुकलेलं दुसरी सांगते. आता एका इमारतीत आमचं एकच घर, कधी एका उपनगरात दोनच. १९५० च्या आगेमागे भारतात आम्ही वीस हजारांच्या आसपास होतो. आज पाच हजारही नाही. बिरडं करणारी आजी गेली की त्या घरातला बिरड्याचा सण गेला. अक्षर मात्र पुस्तकात राहतं. ज्याला ते वाचता येतं तो एकटा असला तरी सुरुवात करू शकतो. पेसाहच्या रात्री धाकट्या मुलाने प्रश्न विचारायचे असतात. मूल जाणतं नसेल तर बायकोने विचारावेत, कुणीच नसेल तर माणसाने स्वतःला विचारावेत, असं तालमुद सांगतं. एकट्या माणसाचा विचार तालमुदकारांनी शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवला होता. माझ्या वर्गातला एखादा मुलगा उद्या टोरांटोत किंवा मेलबर्नमध्ये एकटा असेल, तेव्हा त्याला ते प्रश्न वाचता यावेत, एवढ्यासाठी मी आलेफ-बेत गिरवून घेते.

ते तरी पुरेल का? केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएलाइट स्कूल काढलं. तेच पुढे माझगावचं सर एली कदूरी स्कूल झालं. समाजाच्या कितीतरी पिढ्या तिथे हिब्रू शिकल्या. शाळा आजही भरते, पण तिथली बहुतेक मुलं आता ज्यू नाहीत. इमारत, बाकं, शिक्षक सगळं होतं. मुलांची कुटुंबंच विमानात बसून गेली. त्यांनी जाऊ नये असं मी कधी म्हणणार नाही, माझीही माणसं गेलीत. पण शाळा समाज टिकवते असं पूर्वी मी ठामपणे म्हणत असे, ते आता तितक्या ठामपणे म्हणवत नाही. समाज असला तर शाळा चालते, असंही वाटतं. आड आधी की पोहरा आधी, हे मला या लिखाणाच्या सुरुवातीला जेवढं कळत होतं, त्याहून आता कमी कळतंय.

तेव्हा पालकांना एक विनंती करते, आणि तिने काय साधेल हे मला सांगता येत नाही. पुढच्या वेळी मुलाला आणाल तेव्हा आजीलाही आणा. तिला अक्षर येत नसेल तर येऊ नये असं नाही. तिच्या घरी कुठल्या दिवशी काय शिजत होतं, दारं कधी लागत होती, मलिद्याचं ताट कोण मांडत होतं, ते तिने मुलांना सांगावं, मुलांनी वहीत उतरवून घ्यावं, आणि मी फळ्यावर शेजारी त्या सणाचं हिब्रू नाव लिहीन. तिला जिना चढावा लागू नये म्हणून त्या दिवशी वर्ग खालीच, तळमजल्यावर घेऊ.