आप्पाचं ऊन

"आगं बया, ही घोरपड हाय का काय? फॉरेस्टवालं धरून न्हेतील की तुला!"

मे २०२०. लॅपटॉप, दोन जीन्स आणि तीन फुटी इग्वाना घेऊन मी केमला आजीच्या दारात उभी होते, तेव्हाचं हे स्वागत. आजीचं काही चुकत नव्हतं म्हणा. घोरपड पाळणं आपल्याकडे गुन्हाच. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती. तानाजीची यशवंती दारात बांधायची सोय आता कुणालाच नाही! पण माझा पाहुणा लांबचा. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांवर राहणारा हिरवा इग्वाना. गळ्याखाली बैलासारखी लोंबती पोळी, चेहऱ्यावर रिटायर्ड हेडमास्तरांचे भाव. म्हणून नाव आप्पा.

आप्पा आजारी होता. आणि त्याला आजारी मीच पाडलं होतं.

२०१८ मध्ये पुण्यात पहिला बऱ्यापैकी पगार हातात आला, तेव्हा वीतभर लांबीचं हे पिल्लू घेतलं. कुत्र्याला फिरवायला वेळ कुणाला असतो? हा कसा, काचेच्या टाकीत गप पडून राहणार. भुंकणं नाही, सोफ्यावर केस नाहीत, शिवाय मित्रमंडळींत एकदम हवा! हा गडी पुढे शेपटीसकट पाच फुटांचा होतो आणि नीट ठेवला तर पंधरा वर्षं जगतो, हे दुकानदारानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. 'उकडलेलं अंडं द्या, पालक द्या मॅडम, काही टेन्शन नाही.' दिलं. फ्लॅटच्या मोठ्या खिडकीत मस्त ऊन यायचं, तिथे टाकी ठेवली. झालं की!

दीड वर्षानं त्याचे मागचे पाय थरथरायला लागले. मग खालचा जबडा सुजल्यासारखा दिसू लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, तर हाडं पुसट, अर्धवट खोडल्यासारखी. त्यांनी जबड्याला हलकेच बोट लावलं. रबरासारखा दबला तो. मला तिथेच रडू फुटलं.

दुखण्याचं मूळ त्या सुंदर खिडकीत होतं. उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे सरड्याच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर ते हाडांतून ओढायला लागतं. काचेतून ऊब येते, उजेड येतो. हे किरण मात्र जवळजवळ सगळे अडतात. म्हणजे आप्पा रोज उन्हात बसून उन्हावाचून उपाशी होता. त्यात पालक. पालकातलं ऑक्झालेट उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून टाकतं. आणि इग्वाना मुळात पक्का शाकाहारी, अंड्याचं त्याला काय कौतुक! (माझ्यापेक्षा माळकरी निघाला.)

डॉक्टरांनी कॅल्शियमचं औषध सुरू केलं. यूव्हीबीचा खास दिवा मागवायला सांगितला. हा दिवा जळत असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याचे किरण मंदावतात, तेव्हा बदलायचा, हेही बजावलं. मी ऑर्डर दिली आणि लॉकडाऊन लागलं. पार्सल आलंच नाही. सोसायटीनं गच्चीला कुलूप घातलं. उरलं केम. म्हटलं, ऊन तरी फुकट मिळेल!

मिळालं, पण भलतंच. सोलापूर जिल्ह्यातलं मे महिन्यातलं ऊन म्हणजे चेष्टा नाही. पहिल्याच दिवशी अकरा वाजता आप्पा तोंड उघडून धापा टाकायला लागला. त्याला शेकायला ३२ ते ३५ अंश लागतात, आणि नको झालं की सरकायला सावली. आमच्या अंगणात सावली होती, पण पिंजऱ्यात नव्हती. आजीनं मला बाजूला सारलं. कोंबड्यांचं जुनं खुराडं ओढून काढलं, अर्ध्यावर ओलं गोणपाट टाकलं. "सकाळच्या पारी आर्धा तास, मग आत. शेरडाला कळतंय ते तुला कळंना व्हय?" दिवसातून तीनदा गोणपाटावर पाणी. इग्वानाला दमट हवा लागते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी अंगणात कुंकू वाळायला घातलेलं असतं (केमचं कुंकू कुठे कुठे जातं म्हणून सांगू!), त्याची धूळ नको म्हणून खुराड्याचं तोंडही तिनंच फिरवलं. गावच्या सुतारानं नंतर सहा फूट उंच जाळीची खोली करून दिली, आत बाभळीची फांदी. झाडावरच्या प्राण्याला लांबीइतकीच उंची लागते, हे मला तेव्हा कळलं.

खाणं? पुण्यात मी परदेशी भाज्यांची यादी घेऊन मॉल पालथे घातले होते. इथे आजी रोज शेरडांसाठी घास कापायची. तोच लसूणघास बारीक चिरून, वर शेवग्याचा पाला, थोडा भोपळा, जास्वंदीचं फूल. घास आणि शेवगा, दोन्हींत कॅल्शियम भरपूर. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, 'चालू ठेवा.'

पावसाळा संपता संपता आप्पा फांदीवर चढला. स्वतःहून. आजीनं मला झूम कॉलमधून हाक मारून उठवलं, बॉससकट सगळ्यांना ऐकू गेलं. पाल चुकचुकली तरी प्रवास रद्द करणारी ही बाई त्या दिवशी त्याच्या डोक्यावरून बोट फिरवत होती. जबडा मात्र वाकडाच राहिला. ती हाडं पुन्हा सरळ होत नाहीत.

ऑफिस सुरू झालं, तेव्हा मी त्याला परत न्यायला बॉक्स घेऊन गेले. फ्लॅटची ती खिडकी आठवली आणि बॉक्स रिकामाच आणला. २०२४ मध्ये अशा परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा फॉर्म मी भरला. मालक म्हणून माझं नाव, पत्ता केमचा. आजीला हे पटलेलं नाही.

"घास म्या कापायचा आन् नाव तुझं?"