कोरड्यास

निलंग्यात सकाळी नाश्त्याच्या गाड्यांभोवती जी गर्दी असते ती भातासाठी. पोहे, इडली सगळं असतं, पण गिऱ्हाईक बोट दाखवतं ते तिखट, मसालेदार भाताच्या पातेल्याकडं. वर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. 'निलंगा राईस' या नावानं तो लातुरातही विकला जातो. गंमत अशी, की हा सगळा मुलूख ज्वारीचा. माझ्या लहानपणी तांदूळ शिजायचा तो सणाला, पाहुण्याला किंवा आजाऱ्याला. ज्या भागानं तांदूळ असा हात राखून खाल्ला, त्याच भागातल्या एका गावाचं नाव भाताला लागलं.

हा भात मी हल्ली खात नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा वर सरकला, वजन त्याच्या आधीपासूनच सरकत होतं, आणि डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कार्ब कमी करा." जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना 'कर्बोदके शरीराला ऊर्जा देतात' असं शिकवलं. त्या धड्यात कर्बोदकांविषयी एकही वाईट शब्द नव्हता.

भात सोडण्याचं काही वाटलं नाही, तो कधी आपला नव्हताच. भाकरीवर आलं तेव्हा मात्र मी वाद घातला. आमच्याकडं ठाम समज आहे की ज्वारी म्हणजे औषध, ती कितीही खावी. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 68 ते 72 ग्रॅम कर्बोदकंच असतात. गहूही फार मागं नाही, पांढरा तांदूळ 78 च्या आसपास. ज्वारीचा फायदा दुसऱ्या बाजूनं आहे: शंभर ग्रॅममागं दहाएक ग्रॅम तंतू आणि तेवढीच प्रथिनं. तांदळात तंतू तीन ग्रॅमही नाहीत. त्यामुळं भाकरीची साखर रक्तात सावकाश उतरते. उतरते मात्र नक्की, आणि तीन भाकरींची उतरते ती तिप्पट. "ज्वारी चालते, पण मोजून," डॉक्टर म्हणाले. मोजून भाकर खायची, हे ऐकून मला माय आठवली.

बहात्तरच्या दुष्काळात मी दुसरीत होते. पेवं रिकामी झाली होती, विहिरी तळाला गेल्या होत्या. वडील आणि माय दोघंही खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची. ती पदराला बांधून माय घरी आणायची आणि आम्ही ती कोरडीच फाकायचो. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. तीही ज्वारीच, पण ज्वारीला शोभेल असं तिच्यात काही नव्हतं. पिठाला विरी नाही, गरम पाण्यात कितीही मळलं तरी भाकर थापताना कडेनं चिरायची, तव्यावर पापुद्रा धरायची नाही. ती तुकड्यातुकड्यांनी निघायची, आणि कुणी किती खाल्ली हे त्यामुळं लपून जायचं. माय सगळ्यांच्या शेवटी बसायची. "भूक न्हाई गं मला, खडीची धूळच लई गेली पोटात," म्हणायची.

त्याच 1972 साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट अ‍ॅटकिन्स नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाचं आहारावरचं पुस्तक बाहेर आलं. पाव, बटाटा, साखर सोडा, मांस, अंडी, लोणी हवं तेवढं खा, वजन उतरेल. पुस्तक तुफान खपलं. कल्पना तशी जुनी. लंडनमध्ये अंत्यविधीचं साहित्य पुरवणाऱ्या विल्यम बँटिंग यानं 1863 मध्येच एक पुस्तिका काढून, पाव आणि साखर सोडून आपण कसे बारीक झालो ते लोकांना सांगितलं होतं. पण मला अडकवून ठेवतं ते बहात्तर हे साल. तिकडं माणसं भरल्या ताटातला पाव बाजूला सारायला शिकत होती, आणि त्यांच्याच देशातलं धान्य इकडं आमच्या काठवटीत चिरत होतं. ही दोन टोकं एकाच आयुष्यात आपल्या ताटाशी येऊन भेटतील, हे त्या दुसरीतल्या मुलीला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

धाकटा भाऊ त्या दुष्काळात मायच्या पोटात होता. तो आजही सडपातळ आहे, आणि चाळिशीपासून साखरेच्या गोळ्या घेतो. एका माणसावरून सिद्धांत मांडायचा नसतो, एवढं शाळा शिकवून मला कळतं. तरी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाविषयी वाचलं तेव्हा भाऊच डोळ्यांपुढं आला. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये 1993 पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं पाहिली. बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 ची. आमची बाळं मांसानं कमी भरली, पण चरबी त्यांनी तुलनेनं राखून ठेवली होती. मग 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडच्या बारीक माणसानं काट्यावर विश्वास ठेवू नये, असा त्याचा अर्थ. भावाला मी तो फोटो दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे मी दिसतो त्याहून जाड हाय." आणि हसला.

सुकाळात आमचं ताट कसं होतं, ते मी अलीकडं पुन्हा पुन्हा आठवते. भाकर मोठी असायची, दोन-दोन, तीन-तीन खायची माणसं. पण ती एकटी नसायची, तिच्याबरोबर कोरड्यास असायचं, म्हणजे भाकरीशी खायचं वरण, भाजी, चटणी. तुरीचं घट्ट वरण. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळणा, कच्चाच, वर कांदा आणि शेंगदाण्याचं कूट. अंबाडीची भाजी, तिच्यावर करडईचं तेल. जवसाची चटणी, कारळाची चटणी. ताक. घरात काहीच नसेल तेव्हा येसराची आमटी. आणि ही भाकर पचवायला दिवसभराचं रान. वडील बसलेले मला फक्त जेवताना दिसायचे.

यातलं काय कधी गेलं, ते एकदम कळलं नाही. लातूर जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी मला नोकरी लागली, लग्न होऊन मी निलंग्यात आले. सासरी पाहुण्याला पोळी आणि घरच्यांना भाकर, असा नेम होता. मग घरच्यांनाही पोळी झाली. भाकर खाणं म्हणजे अजून खेड्यातून न आलेलं असणं. 1995 साली शाळेतल्या मुलांसाठी पोषण आहार सुरू झाला. हजेरी भरलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ. मी स्वतः वाटलाय तो. पुढं त्याची शाळेतच खिचडी शिजू लागली. रेशनवर गहू आणि तांदूळ होतेच. शिवारात त्याच सुमारास सोयाबीन शिरलं, आणि खरिपाची पिवळी ज्वारी बघता बघता दिसेनाशी झाली. सोयाबीनचा पैसा हातात येतो, त्यावर घरं उभी राहिली, मुलं लातूरला शिकली. त्याला नावं ठेवणारी मी कोण? पण सोयाबीन घरात शिजत नाही आणि त्याचा कडबाही होत नाही. कडबा गेला तशी दावणीची जनावरं घटली, जनावरांमागं ताक गेलं. करडईच्या जागी पिशवीतलं तेल आलं. तुरीच्या मुलखात, दालमिलांच्या लातुरात, 2015 मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली, तेव्हा वरण इतकं पातळ झालं की ताटात थांबेना.

म्हणजे भाकर घटली, पोळी आणि भात वाढले, आणि आटलं ते कोरड्यास. वर चालणं संपलं. डॉक्टर ज्याला कार्ब म्हणतात त्यानं ताट असं भरत आणलं. 2023 मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले: देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही. लातूर-निलंगा रस्त्यावर कुठल्याही औषधाच्या दुकानात उभं राहिलं तरी हा आकडा खरा वाटतो.

आमच्या लातूरनं महाराष्ट्राला दोन गोष्टी दिल्या असं मी म्हणते: एक अभ्यासाचा पॅटर्न आणि दुसरं जेवणाचं वेळापत्रक. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची व्याख्यानं ऐकली, त्यांत सांगितलेलं स्वतःवर करून पाहिलं आणि मग गावोगाव सांगितलं. दिवसात दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा जेवायचं. प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं. 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. प्रत्येक खाण्यागणिक इन्सुलिन पाझरतं, आणि ते सतत पाझरत राहिलं की चरबी साठत जाते, हा त्यामागचा विचार. 2018 च्या सुमारास घराघरांत तट पडले होते: एक दीक्षितांचा, दुसरा थोड्या थोड्या वेळानं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकरांचा. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तर मधल्या सुट्टीत डबे उघडायचे की नाही यावरून वाद व्हायचे. दीक्षितांनी भाकर सोडायला सांगितलं नव्हतं हे विशेष. त्यांचा रोख तोंड कितीदा हलतं यावर होता.

मला त्यातलं सगळ्यांत जड गेलं ते चहा नाकारणं. मराठवाड्यात घरी आलेल्या माणसानं साखरेचा चहा घेतला नाही तर घरच्या बाईचा चेहरा उतरतो. "शुगर हाय व्हय? मग अर्धा कप घ्या," इथपर्यंत ती येते. मी बिनसाखरेचा मागते. तो इतका वाईट लागतो, की दोन्हीकडचा मान राखला जातो.

वजन उतरलं. पहिल्या काही दिवसांत तर भराभर, आणि मी शेजारणीला सांगतही सुटले. ते बरंचसं पाणी असतं हे मुलीनं पुण्याहून फोनवर सांगितलं: शरीर पिष्टाचा साठा पाण्यासकट धरून ठेवतं, ग्रॅमभर साठ्यामागं सुमारे तीन ग्रॅम पाणी, आणि साठा मोकळा झाला की तेही जातं. पुढचं उतरणं मग कासवाचं. आता एक भाकर, पातळ थापलेली. वरण घट्ट, उसळ वाटीभर, जवसाची चटणी रोज. भाकर अर्ध्यावर आणायला मला त्रास झाला नाही. उरलेल्या अर्ध्या पोटात काय घालायचं, हे जुनं ताट आठवत बसल्यावर सुचलं. नुसती भाकर कमी केलेली बाई मला माहीत आहे. ती बारीक झाली होती, पण त्याला कुणी डायेट म्हणत नव्हतं.

आमच्याकडं भांड्याला येते तिचीही साखर वाढली. तिला एका दवाखान्यात छापील कागद मिळाला: पनीर, बदाम, अंडी, सॅलड, भात-पोळी बंद. तिच्या घरी माणशी पाच किलो फुकट गहू-तांदूळ येतो आणि बाकी सगळं विकत. ज्वारी तर हल्ली गव्हाहून महाग. 2023 हे भरडधान्य वर्ष साजरं झालं आणि शहरातल्या डब्यांत भाकरी शिरली, याचा आनंद आहे, पण तिच्या काठवटीत ती परत आलेली नाही. "भात सोडून मी खाऊ काय मॅडम, ते सांगा," तिनं विचारलं. मी हरभऱ्याची डाळ सुचवली, घट्ट पिठलं, मेथी, शेंगदाणे, आठवड्यातून जमतील तितकी अंडी. "शेंगदाणे काय भावानं चाललेत, बघितलं का?" ती म्हणाली. कार्ब कमी करा असं सांगणाऱ्यानं पुढच्या वाक्यात डाळीचा भाव सांगितला पाहिजे, असं माझं मत झालंय. सरकारनं रेशनच्या पिशवीत ज्वारी आणि डाळ घालावी हे तर आहेच.

येळवशीला ती तिच्या भावाच्या शेतात जाते, आम्ही आमच्या. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर जिल्ह्यात घरं ओस पडतात आणि शिवारं भरतात. पाच दगडांचे पांडव चुन्यानं रंगवायचे, वर कडब्याची कोप करायची. कोपीचा कडबा आता विकत आणावा लागतो, काहीजण साड्यांवर भागवतात. जेवण मात्र कमी झालेलं नाही. भज्जीत ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, चाकवत, कांद्याची पात, जे शिवारात असेल ते, बेसन लावून रटरटलेलं. आहारतज्ज्ञांच्या कागदावरची सगळी डाळ-भाजी एका पातेल्यात. तिच्या शेजारी बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील. जेवायला सुरुवात होते तेव्हा आग्रहाला ऊत येतो, आणि उठेपर्यंत ऊन कलतं. पंचावन्न मिनिटं तर पहिल्या पंगतीलाच लागतात.

मी उंडा एकच घेते, भज्जी दोनदा, खीर चमचाभर. आंबिलीबद्दल डॉक्टरांना विचारलेलं नाही, आणि विचारायचा विचारही नाही.