संगणक बंद पडला, शजरा वाचला

घरातली एखादी वस्तू बंद पडली की ‘गेली’ हा शब्द आपल्या तोंडी पटकन येतो. नेमके काय गेले आणि काय शाबूत आहे, हे पाहण्याआधीच आपण भंगारवाल्याला हाक मारतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या खडकीच्या घरातला संगणक असाच ‘गेला’. मोठा मुलगा बायोस अपडेट करीत असताना वीज गेली. वीज आल्यावर बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. एका दुकानात सांगितले, “मदरबोर्ड गेला. नवा संगणक घ्या, हा भंगारात द्या.”

प्रश्न नुसता पैशांचा नव्हता. त्या संगणकात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, निवृत्तीनंतर इनपेजमध्ये एकेक अक्षर शोधून टाइप केलेल्या उर्दू आठवणी आणि घराण्याचा शजरा होता. अब्बा आता हयात नाहीत, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

बायोस म्हणजे काय, हे मला मुलाने समजावले. मदरबोर्डवर आठ पायांची, नखाएवढी एक चिप असते. बटण दाबताच प्रोसेसर आधी तिच्यातल्या सूचना वाचतो: मेमरी तपास, पडदा सुरू कर, डिस्क शोध, तिथून विंडोज उचल. या सूचना अर्धवट लिहिल्या गेल्या की यंत्र पहिल्याच पायरीवर अडते. पण आपल्या फायली त्या चिपमध्ये नसतात, डिस्कवर असतात. शाळेच्या दाराची किल्ली हरवली म्हणून आतली दप्तरे जळत नाहीत.

या दुखण्याची साथ २६ एप्रिल १९९९ रोजी जगाने पाहिली होती. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी विंडोज ९५ आणि ९८ च्या संगणकांत जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेचीही तीच तारीख, म्हणून त्याला ‘चेर्नोबिल व्हायरस’ म्हणत. तो डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर शून्ये लिहीत असे आणि काही मदरबोर्डांचा बायोसही बिघडवत असे. भारतातही पुष्कळ संगणक बंद पडले. आमच्या डिस्कला मात्र धक्का लागलेला नव्हता.

म्हणून मुलाने आधी डिस्क वाचवली. वीजजोडणी काढून कॅबिनेट उघडले, डिस्क काढली आणि साटा-यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडली. अब्बांचे फोल्डर दिसताच अम्मींच्या तोंडून ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघाले. लगेच दोन पेनड्राइव्हवर प्रती केल्या. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर रिकव्हरी की लागते. ती आजच वहीत लिहून ठेवा.

मग साध्या शक्यता तपासल्या. मॉनिटरची केबल पाहिली, रॅम काढून खोडरबराने पुसून पुन्हा बसवली, बोर्डवरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून ठेवला. फरक पडला नाही. काही बोर्डांवर दुसरा राखीव बायोस असतो, काहींवर पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय असते. आमच्याकडे दोन्ही नव्हते.

शेवटी खडकी बाजारातल्या एका तरुण कारागिराने ‘प्रोग्रामर’ नावाचे लहानसे उपकरण चिमट्याने चिपला जोडले आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेली फाइल चिपमध्ये भरली. त्याआधी बोर्डवर छापलेला मॉडेल आणि रिव्हिजन क्रमांक त्याने दोनदा वाचला, कारण दुसऱ्या बोर्डाची फाइल चालत नाही. संगणक सुरू झाला. नव्याच्या किमतीपुढे त्याची मजुरी काहीच नव्हती.

गरज नसेल तर बायोसला हात लावू नये, आणि लावायचाच तर यूपीएस हवा. प्रत्येक बंद संगणक दुरुस्त होतोच असे नाही. पण भंगारात देण्याआधी डिस्क मात्र काढून घ्या. त्या कॅबिनेटसोबत आधारच्या प्रती, बँकेचे कागद आणि लेकी-सुनांचे फोटोही परक्या हाती जातात.

आम्ही आणखी एक गोष्ट केली. अब्बांचा शजरा कागदावर छापून घेतला आणि ईदला चारही नणंदांच्या घरी एकेक प्रत पोहोचवली. धाकट्या नणंदेने तिच्या प्रतीत आपल्या नातवाचे नाव पेनाने लिहिलेही आहे.