मधला माणूस

ज्या सॉफ्टवेअरला समजावून सांगणारा माणूस लागतो ते सॉफ्टवेअर अपुरं, असं माझं ठाम मत होतं. माझी नोकरीच या मतावर उभी होती. मी फॉर्म बनवते. अमरावतीच्या घरात बसून पुण्यातल्या कंपनीसाठी कर्जाचे, विम्याचे, खातं उघडण्याचे फॉर्म. कोणत्या पानावर किती लोक थांबतात, कुठे वैतागून बाहेर पडतात, हे आकडे रोज माझ्यासमोर असतात. एखादं पान गाळता आलं, एखादा प्रश्न कमी करता आला, की मनापासून आनंद होतो. या सगळ्यामागे माझ्या डोक्यात कायम एकच माणूस असायचा, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बोटाने, कुणालाही न विचारता काम उरकणारा.

या कल्पनेवर माझा जीव होता आणि त्याला कारणही होतं. माझं माहेर मूर्तिजापूरकडचं. तालुक्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसायचे आणि त्यांच्यापुढे उकिडवी बसलेली माझ्या वडिलांच्या वयाची माणसं मी पाहिलेली होती. एका सहीसाठी दिवस बुडायचा, त्या दिवसाची मजुरी बुडायची, आणि घरी येऊन कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. त्यामुळे २०१८ साली डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, तेव्हा मला तो माझ्या पेशाचा विजय वाटला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे आपल्या वावरात काय पेरलं हे शेतकऱ्याने स्वतःच फोटो काढून नोंदवायचं, तेव्हा तर मी ऑफिसातल्या पुणेकर मित्रांना अभिमानाने सांगत होते की आता सातबाऱ्यावरचं पीक आमचे लोक स्वतः लिहिणार.

आमच्या वावराचा सातबारा आईच्या नावावर आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेच्या काळात बाबांनी ते नाव लावून घेतलं. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा असला पाहिजे, हा संघटनेच्या शरद जोशींचा आग्रह आमच्या भागात अनेकांच्या मनाला भिडला होता. म्हणजे खातेदार आई, आणि पाहणीही तिनेच करायची. मी तिला ॲप शिकवायचं ठरवलं. अक्षरं मोठी केली, एकेक पायरी वहीत लिहून दिली. आई हुशार आहे, ती शिकली.

२०२३ च्या खरिपात मी मुद्दाम पाहणीच्या वेळी गावी गेले.   

वावरात पोचलो तेव्हा काळ्या मातीत पाय रुतत होते. उन्हात फोनचा पडदा दिसत नव्हता. ते मी धरून चालले होते. मी धरून चालले नव्हते ती गोष्ट वेगळीच निघाली. ॲपवर मिश्र पिकाचं क्षेत्र विचारलं होतं आणि आईचं उत्तर होतं, "सहा तास पऱ्हाटी, दोन तास तूर." आमच्याकडे पेरणीच्या ओळीला तास म्हणतात आणि कपाशीला पऱ्हाटी. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा, विहिरीचं पाणी खारं, सगळी भिस्त पावसावर. कपाशी बसली तर तूर हात देते, म्हणून पिढ्यान् पिढ्या असंच पेरतात. आईला आपलं वावर ओळीओळीने पाठ आहे. ॲपला ते हेक्टर आणि आरमध्ये हवं होतं. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि वहीतल्या माझ्या पायऱ्या तिथे संपल्या होत्या.

सोबत आमच्या भावकीतली एक मुलगी आली होती. गावातल्या सेवा केंद्रावर ती बसते. तिने आईकडे पाहून हिशेब केला. "काकू, आठात सहा पऱ्हाटी. वावर एक हेक्टर वीस आर. म्हंजे नव्वद आर पऱ्हाटी अन् तीस आर तूर. बरोबर नं?"

आई म्हणाली, "धुऱ्याकडचे तास पान्यानं सडले नं पोरी."

मुलगी थांबली. "कधी? विम्याची तक्रार केली का? बहात्तर तासांत करा लागते."

मी तिथे उभी होते. विम्याचे फॉर्म बनवणारी. मला तो नियम ठाऊक होता, तरीही तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला नव्हता, कारण मी पाहणीच्या ॲपवर होते आणि विमा दुसऱ्या ॲपवर होता. त्या मुलीच्या डोक्यात मात्र ॲप नव्हतंच. तिच्या डोक्यात काकूंचं वावर होतं, आणि त्या वावराभोवती महसूल, विमा, बँक हे सगळं एकाच वेळी उभं होतं. पडद्यावर न विचारलेला प्रश्न तिने विचारला.

त्या दिवशी माझं मत बदललं असं म्हणणार नाही. मत हळूहळू सरकतं, आणि मी बराच काळ स्वतःला सांगत राहिले की आणखी चांगला फॉर्म बनवला तर हाही प्रश्न त्यात घालता येईल. घालता येईलही. पण त्यानंतर मी जिथे पाहीन तिथे मला हाच मधला माणूस दिसू लागला आणि ज्यांनी या यंत्रणा बांधल्या त्यांनाही तो दिसला होता असं लक्षात येत गेलं. ई-पीक पाहणीत सुरुवातीपासूनच एका फोनवरून वीस खातेदारांची नोंदणी करता येत होती. एक माणूस, एक फोन असं मनात असतं तर ती सोय कशाला ठेवली असती? पुढे शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची पाहणी करायला गावपातळीवर सहायक नेमले गेले. पीएम-किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. वेचणी आणि निंदणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या बायांसाठी ती फार मोठी सोय आहे. पण त्याच ॲपमध्ये एका शेतकऱ्याला इतर शंभर जणांची ई-केवायसी करून देण्याची मुभा दिलेली आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

केंतारो तोयामा या संगणकशास्त्रज्ञाने बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये भारतातल्या खेड्यांसाठी, शाळांसाठी तंत्रज्ञानाचे अनेक प्रयोग केले आणि २०१५ साली ‘गीक हेरसी’ हे पुस्तक लिहिलं. जिथे माणसांची इच्छा आणि कुवत आधीच आहे तिथे तंत्रज्ञान ती वाढवतं, जिथे नाही तिथे ते स्वतःहून निर्माण करू शकत नाही, असं त्याचं सांगणं. हे पुस्तक मी पूर्वी वाचलं होतं आणि निराशावादी म्हणून बाजूला ठेवलं होतं. आता पुन्हा वाचलं तेव्हा त्यात मला ती केंद्रावरची मुलगी दिसत राहिली.

आणखी एक गोष्ट. माझं आयकर विवरणपत्र मी सीएकडून भरून घेते. ते पोर्टल मला चालवता येतं, पण ओळखीतला, जबाबदारी घेणारा, चार प्रश्न जास्त विचारणारा माणूस मला हवा असतो. त्याबद्दल कुणी मला निरक्षर म्हणत नाही, की माझ्यासाठी साक्षरता शिबिर भरवत नाही. मग आईने केंद्रावरच्या मुलीला विचारलं तर आईला अजून फोन वापरता येत नाही असं मी का म्हणत होते? आमच्या अमरावतीच्या घरात सासूबाईंचा फोन माझी लेक चालवते. लाइट बिल भरणं, गाडीचं तिकीट काढणं, दवाखान्याचा नंबर लावणं, सगळं. "पाहून दे वो बाई" म्हणत आजी फोन पुढे करते आणि दोघी त्यावर अर्धा तास बोलत बसतात. आजीने हे शिकून घेतलं पाहिजे म्हणून मी लेकीला रागवायचे. आता रागवत नाही. मात्र आजीचा पिन लेकीला पाठ आहे, आणि माझी खरी काळजी तिथे आहे.

कारण मधल्या माणसाला आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी जागाच ठेवलेली नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं आम्ही मोठ्या अक्षरात लिहितो, आणि गावोगाव केंद्रावर, दुकानात, ओसरीवर माणसं ओटीपी मोठ्याने वाचून दाखवत असतात, कारण दुसरा मार्गच दिलेला नाही. मदत करणारा आईच्या नावाने आत शिरतो आणि आईच होऊन काम करतो. त्याने नीट केलं तर त्याचं नाव कुठे नाही, लबाडी केली तरीही कुठे नाही. अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर घालून ठेवणारे, फुकटच्या कामाचे पैसे उकळणारे यांना हीच अदृश्यता सोयीची पडते. दलाल हटवायला निघालेल्या माझ्या फॉर्मांनी प्रामाणिक मदतनिसाला आणि दलालाला एकाच अंधारात उभं केलं, असं मला आज वाटतं.

माझा नवरा अकोल्याला बँकेत आहे, रोज गाडीने अपडाऊन करतो. त्याला हे पटत नाही. त्याच्या मते फॉर्ममध्ये मदतनिसाला रकाना दिला की दलालीला परवाना मिळाला. रात्री जेवताना या विषयावर आमचं बरंच बोलणं होतं. काउंटरवर तो काय काय पाहतो हे मला माहीत आहे, म्हणून त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माझं उत्तर एवढंच, की काउंटरवर तो स्वतः दिवसभर हेच करतो. म्हातारीची स्लिप भरून देतो, रक्कम दोनदा विचारतो, शिक्का मारतो. त्याचं नाव, त्याची सही त्या कागदावर असते म्हणूनच लोक त्याच्यावर विश्वास टाकतात. तेवढीच जागा मला त्या मुलीसाठी हवी आहे.

म्हणून सध्याच्या कामात मी एक मसुदा मांडला आहे. अर्ज कुणाचा आणि भरून कोण देतंय, ही दोन नावं वेगळी. मदत करणाऱ्याला स्वतःच्या ओळखीने आत येता यावं, अर्जदाराच्या संमतीने, फक्त त्या एका अर्जापुरतं, आणि पैशाच्या पानापर्यंत त्याचा हात पोचू नये. काम झाल्यावर अर्जदाराला मराठीत आवाजी निरोप जावा, कोणी काय भरलं ते सांगणारा. चूक दुरुस्त करायला मुदत असावी, ई-पीक पाहणीत ४८ तासांची दिली आहे तशी. आणि शेवटच्या पानावर मोकळी जागा, ‘आणखी काही सांगायचं आहे का’ एवढंच विचारणारी, जिथे सडलेले तास लिहिता येतील.

पुण्याच्या बैठकीत पहिला प्रश्न आला की यामुळे एक पान वाढतं. वाढतं. दुसरा प्रश्न होता, मदत करणाऱ्याला मोबदला कोण देणार? आजवर तो आई देत आली आहे, कधी वीस-तीस रुपये, कधी पायलीभर तूर. मी तो खर्च कंपनीच्या अंदाजपत्रकात, सर्व्हरच्या भाड्याच्या खालच्या ओळीत लिहिला आहे. पुढच्या बैठकीत तो खोडला जाऊ नये म्हणून मी आता आकडेवारी जमवते आहे.