थ्रेशर आणि १४५ सांध्यांचा हिशेब

१/
१० एप्रिल १९६३. सकाळचे ९ वाजून १८ मिनिटे. अमेरिकेच्या केप कॉडपासून सुमारे ३५० किलोमीटर पूर्वेला, अटलांटिक महासागराच्या पोटात, ‘थ्रेशर’ ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी पाण्याच्या दाबाखाली चिरडली गेली. आत १२९ माणसे होती; त्यांतला एकही परतला नाही. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बुडाल्याची जगाच्या इतिहासातील ही पहिलीच घटना. या धाग्यात तिच्या बुडण्याची आणि त्यानंतर एका नौदलाने स्वतःला विचारलेल्या प्रश्नाची कथा आहे.

२/
१९५५ साली ‘नॉटिलस’ने अणुशक्तीवर पहिला सागरप्रवास केला आणि पाणबुडीचा अर्थच बदलला. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला हवेसाठी आणि बॅटऱ्या भरून घेण्यासाठी वारंवार पृष्ठभागाकडे यावे लागे. अणुभट्टीला हवा लागत नाही. त्यामुळे पाणबुडी आठवडेच्या आठवडे खोल पाण्यात राहू शकू लागली. शीतयुद्धाच्या त्या काळात शत्रूच्या पाणबुड्या हुडकून त्यांचा माग काढणे हे अमेरिकी नौदलापुढचे मोठे काम होते. थ्रेशर त्यासाठी घडवली गेली.

३/
लांब शेपटीच्या एका शार्क माशावरून तिचे नाव ठेवले होते. मेन राज्यातील किटरी येथील पोर्ट्समथ नौदल गोदीत १९५८च्या मे महिन्यात तिच्या बांधणीला आरंभ झाला. ३ ऑगस्ट १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. नाकाशी मोठा गोलाकार सोनार, त्याला जागा मिळावी म्हणून मध्यभागाकडे सरकवलेल्या टॉर्पेडो-नळ्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अधांतरी बसवलेली यंत्रे : तिच्यात बरेच काही नवे होते. पण सर्वांत मोठी झेप होती खोलीची. आधीच्या अणुपाणबुड्यांची चाचणी-खोली ७०० फूट होती, थ्रेशरची १,३००.

४/
१,३०० फूट म्हणजे सुमारे ४०० मीटर. तेथे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे ४० किलोचा भार असतो. पोलादी कवच तो सोसते. परंतु पाणबुडी म्हणजे केवळ कवच नव्हे. यंत्रे थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी नळांवाटे आत घ्यावे लागते. ते नळ कवचाच्या आत असले, तरी बाहेरचा सगळा दाब त्यांच्यात उतरतो. म्हणजे चार बोटे रुंदीच्या नळाचा सांधाही कवचाइतकाच भरवशाचा असावा लागतो.

५/
हे सांधे बव्हंशी चांदीमिश्रित धातूने झाळलेले असत. दोन नळ एकमेकांत बसवायचे, तापवायचे आणि वितळलेला धातू फटीत ओढला जाऊ द्यायचा, अशी ही रीत. अडचण अशी की धातू फटीत सर्वत्र पोहोचला की नाही, हे बाहेरून दिसत नाही. सांधा वरून सुबक आणि आतून अर्धवट असू शकतो. पूर्ण खोलीचा दाब झेलणारे असे सुमारे ३,००० सांधे थ्रेशरमध्ये होते.

६/
पहिल्या चाचण्यांनंतर १९६२च्या जुलैपासून ती पुन्हा पोर्ट्समथच्या गोदीत आली आणि सुमारे नऊ महिने तेथेच राहिली. या मुक्कामात सांध्यांच्या आत डोकावण्याची एक नवी रीत, अल्ट्रासॉनिक तपासणी, वापरून पाहण्यात आली. १४५ सांधे तपासले गेले. त्यांपैकी सुमारे १४ टक्के ठरलेल्या प्रमाणाला उतरत नव्हते. तेच प्रमाण सर्व सांध्यांना लावले, तर ४००हून अधिक सांधे संशयास्पद ठरतात. उरलेल्या सांध्यांची ही तपासणी पुढे गेली नाही.

७/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. पुढे काय झाले हे ठाऊक असलेल्याला १४ टक्के हा आकडा किंकाळीसारखा ऐकू येतो. त्या वेळी तो अनेक आकड्यांपैकी एक होता. तपासणीची पद्धत नवी, तिच्यावर पुरता विश्वास नाही. पाणबुडी याआधी खोल जाऊन सुखरूप परतलेली. कामाची मुदत लांबत चाललेली. कोणी दुष्ट नव्हते. मागचा अनुभव चांगला होता आणि तोच पुरावा मानला गेला.

८/
९ एप्रिल १९६३ रोजी थ्रेशर बंदरातून निघाली. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर जॉन वेस्ली हार्वी. १९५८ साली नॉटिलस उत्तर ध्रुवाखालून गेली, तेव्हा ते तिच्यावर होते. थ्रेशरवर १६ अधिकारी, ९६ नौसैनिक आणि १७ नागरी माणसे होती. या नागरी मंडळींत गोदीची माणसेही होती. ज्यांच्या गोदीत पाणबुडी दुरुस्त झाली, तेच चाचणीला तिच्या पोटात बसून निघाले होते.

९/
१० एप्रिलला सकाळी ७ वाजून ४७ मिनिटांनी खोल बुडीची चाचणी सुरू झाली. वर ‘स्कायलार्क’ हे बचावजहाज सोबतीला होते. पाण्याखालच्या टेलिफोनवरून संभाषण चालू होते. ९ वाजून १३ मिनिटांच्या सुमारास निरोप आला : किरकोळ अडचण आहे, नाक वरच्या दिशेने आहे, टाक्यांतले पाणी हवेने बाहेर लोटण्याचा प्रयत्न चालू आहे. त्यानंतरचे शब्द तुटक आणि अस्पष्ट. मग टेलिफोन मुका झाला.

१०/
राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या आदेशाने राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरले. शोध मात्र सोपा नव्हता. त्या जागी तळ सुमारे २,५६० मीटर खोल. स्कायलार्कवरचे बचावसाहित्य तेथवर पोहोचणारे नव्हते. ‘त्रिएस्ते’ या खोल सागरात उतरणाऱ्या यानाने त्या उन्हाळ्यात तळावर विखुरलेले अवशेष शोधून काढले. त्यांत एक वाकलेला नळ वर आणता आला.

११/
चौकशी न्यायालयाने शक्यतेच्या भाषेत निष्कर्ष मांडला. यंत्रकक्षातील समुद्रजलाच्या नळाचा एखादा सांधा निखळला असावा. फवाऱ्याने विद्युत्-यंत्रणा निकामी झाली असावी. त्यामुळे अणुभट्टी आपोआप बंद पडली असावी. वेग गेला की पाणबुडीचा वर चढण्याचा पहिला मार्ग संपतो. दुसरा मार्ग म्हणजे दाबाखाली साठवलेली हवा बॅलास्ट टाक्यांत सोडून हलके होणे. तोही कामी आला नाही.

१२/
का, हे थ्रेशरच्याच जातीच्या ‘टिनोसा’ पाणबुडीवर गोदीत घेतलेल्या चाचणीत दिसले. दाबाखालची हवा झपाट्याने सुटली की ती अतिशय थंड होते. हवेत ओलावा होता. नळांतल्या गाळण्यांवर त्याचा बर्फ साचला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत हवेची वाट बुजली. संकटात वर येण्याची यंत्रणा तेथे, धक्क्याला बांधलेल्या पाणबुडीवरही, चालली नाही. त्या काळच्या नियमांप्रमाणे बंद पडलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करण्यासही वेळ लागे. तो वेळ ४०० मीटर खोलीवर नसतो.

१३/
हा निष्कर्ष सर्वांनी मानला असे नाही. पाण्याखालच्या श्रवणयंत्रांच्या नोंदींवरून काही तज्ज्ञांनी पुढे असे मांडले की आरंभ विद्युत्-यंत्रणेच्या बिघाडाने झाला. नळ आधी फुटलाच नव्हता. एका निवृत्त पाणबुडी-अधिकाऱ्याने न्यायालयात दाद मागितल्यानंतर २०२०पासून नौदलाने चौकशीची कागदपत्रे टप्प्याटप्प्याने खुली केली. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

१४/
मग धडा कोणता घ्यायचा? थ्रेशरच्या इतिहासाचे मर्म येथे आहे. ती कशाने बुडाली हे निर्विवाद सिद्ध झाले नाही. परंतु ती निघण्यापूर्वी ‘ही सुरक्षित आहे’ हेही कोणाला सिद्ध करता आले नसते. ३,०००पैकी २,८५५ सांध्यांच्या अंतरंगाविषयी कोणाजवळ पुरावा नव्हता. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबण्याची गरज नव्हती; दुसरा प्रश्न त्याच दिवसापासून सोडवता येत होता.

१५/
अमेरिकी नौदलाने तो सोडवायला घेतला. २० डिसेंबर १९६३ रोजी, दुर्घटनेनंतर नऊ महिन्यांच्या आत, ‘सबसेफ’ ही पद्धत अस्तित्वात आली. तिचे सूत्र साधे आहे. समुद्राचा दाब झेलणारा प्रत्येक भाग कोणत्या धातूचा, कोणी जोडला, कोणी तपासला, याचा लेखी पुरावा हवा. पुरावा नसेल, तर भाग कितीही चांगला दिसो, तो नाहीच असे धरायचे. बॅलास्ट टाक्यांतले पाणी लोटण्याची यंत्रणा नव्याने रचली गेली. अणुभट्टी लवकर सुरू करण्याची रीतही आली.

१६/
१९१५ ते १९६३ या काळात अमेरिकेने युद्धाखेरीज अन्य कारणांनी १६ पाणबुड्या गमावल्या होत्या. त्यानंतर एकच : १९६८च्या मे महिन्यातील ‘स्कॉर्पियन’, ९९ माणसांसह. तिला सबसेफचे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते. प्रमाणपत्र मिळालेली एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही. २००३ साली ‘कोलंबिया’ अवकाशयान कोसळले, तेव्हा चौकशी मंडळाने याच पद्धतीकडे बोट दाखवले. तेथेही आधीच्या सुखरूप उड्डाणांनाच सुरक्षिततेचा पुरावा समजले गेले होते.

१७/
थ्रेशरच्या जातीच्या पाणबुड्यांना पुढे ‘परमिट’ वर्ग म्हटले जाऊ लागले. पहिल्या पाणबुडीचे नाव वर्गावरून उतरले. सबसेफच्या वार्षिक प्रशिक्षणात मात्र तिची कथा आजही सांगितली जाते, कारण नोंदी ठेवण्याचे काम कंटाळवाणे असते आणि कंटाळा आला की माणसे सही करून मोकळी होतात.

१८/
किटरी गावात २०१३ साली थ्रेशरच्या स्मरणार्थ एक ध्वजस्तंभ उभारला गेला. त्याची उंची १२९ फूट आहे, प्रत्येक माणसामागे एक फूट. जवळच ती जुनी गोदी आहे. तेथे आजही अणुपाणबुड्या दुरुस्तीला येतात आणि सांधा तपासणारा कामगार कागदावर आपले नाव लिहितो.

(धागा समाप्त)