होय, नाही, पुढचा प्रश्न

‘व्हॉट्स माय लाइन?’ हा कार्यक्रम अमेरिकेत सीबीएसवर २ फेब्रुवारी १९५० रोजी सुरू झाला आणि ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत चालला. पाहुण्यानं आत येऊन फळ्यावर सही करायची. समोरच्या चौघांनी प्रश्न विचारत त्याचा धंदा ओळखायचा. उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. प्रत्येक ‘नाही’ला पाहुण्याला ५ डॉलर, दहा ‘नाही’ झाले की डाव त्याचा. म्हणजे जास्तीत जास्त ५० डॉलर. एवढ्यावर साडेसतरा वर्षं.

*

जुने भाग बघताना माझं लक्ष उत्तरांपेक्षा प्रश्नांकडेच जास्त जातं. डोरोथी किलगॅलन वृत्तपत्रातली. वस्तू आहे की सेवा, बायका वापरतात की पुरुष, असं एकेक दार बंद करत ती पुढे सरकायची. बेनेट सर्फ ‘रँडम हाउस’ प्रकाशनाच्या संस्थापकांपैकी एक, त्यांना कोटी सुचली की आवरायची नाही. आर्लीन फ्रान्सिस अभिनेत्री. पाहुणा बुजलेला असला की तिच्या प्रश्नासरशी तो हसायचा. मला तिघांत तीच मोठी वाटते. अनोळखी माणसाला खोदून विचारायचं आणि तरी त्याला अवघडू द्यायचं नाही, हे फार थोड्यांना जमतं.

*

चौघांमधल्या स्टीव्ह ॲलननं १९५३ मध्ये एका वस्तूबद्दल विचारलं, ती पावाच्या डब्यापेक्षा मोठी आहे का? तेव्हाच्या अमेरिकन स्वयंपाकघरात हा डबा ठरलेला, त्यामुळे आकार क्षणात कळायचा. पुढे हा प्रश्न तिकडे घरोघर गेला.

*

भागाच्या शेवटी एक प्रसिद्ध पाहुणा यायचा. तेव्हा चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि पाहुण्याचा आवाज बदललेला. जानेवारी १९५७ मध्ये चित्रकार साल्वादोर दाली आले. लेखक आहात? होय. रंगमंचावर दिसता? होय. खेळाडूंशी काही संबंध? होय. जगात असं काहीच नाही की जे आपण करत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. सूत्रसंचालक जॉन डेली मध्ये पडून खुलासे करत राहिले. डेली मुळात बातमीदार. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी त्यांनी रेडिओवर दिली होती. ‘होय’ आणि ‘नाही’च्या मधली जागा ते लांबलचक, वळणावळणाच्या वाक्यांनी समजावून सांगायचे, आणि मला ती वाक्यं ऐकायला आवडतात.

*

बीबीसीवर हाच खेळ जुलै १९५१ पासून. तिथला एक पाहुणा स्टॅफर्डशरच्या कुंभारकामातला होता. भांडी भट्टीत भाजताना ज्या मातीच्या पेटीत ठेवतात, तिचा तळ माती ठोकून घडवणारा. त्या कामाला इंग्रजीत स्वतंत्र नाव होतं, ‘सॅगर मेकर्स बॉटम नॉकर’. कारखान्याबाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या एका संध्याकाळी ते देशभर पोचलं. असले पाहुणे मला प्रसिद्ध पाहुण्यांपेक्षा जवळचे वाटतात.

*

असाच दुसरा खेळ, पाहुण्याचं गुपित ओळखायचा: ‘आयव्ह गॉट अ सीक्रेट’, ८ फेब्रुवारी १९५६. मेरीलँडचे सॅम्युएल सीमोर, वय नव्वदीच्या पुढचं. न्यूयॉर्कच्या हॉटेलात जिन्यावरून पडल्यामुळे डोळा सुजलेला, तरी आलेच. त्यांचं गुपित: १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकनवर गोळी झाडली गेली, तेव्हा ते फोर्ड नाट्यगृहात होते. पाच वर्षांचे. पॅनेलनं विचारत विचारत ते शोधून काढलं. लिंकनना गोळी लागली हे त्या मुलाला कळलंच नव्हतं. वरून रंगमंचावर पडलेल्या माणसाला लागलं असेल, याचीच त्याला काळजी. तो माणूस म्हणजे मारेकरी बूथ. दोन महिन्यांनी, १२ एप्रिलला सीमोर गेले. इतिहासाचं एवढं मोठं पान आणि ते समोर आलं करमणुकीच्या खेळात, होय-नाहीच्या वाटेनं. हा भाग मी कितीही वेळा बघू शकतो.

*

त्याच वर्षी एनबीसीच्या ‘ट्वेंटी-वन’ या मोठ्या बक्षिसाच्या प्रश्नमंजुषेत हर्बर्ट स्टेम्पेलला ठरवून हरवलं आणि चार्ल्स व्हॅन डोरेनला उत्तरं आधी पुरवून जिंकवलं. बक्षीस लाखावर डॉलर गेलं. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेननं अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली, १९६० मध्ये अशा फसवणुकीविरुद्ध कायदा झाला. मोठ्या बक्षिसांचे कार्यक्रम कोसळले. ५० डॉलरवाले टिकले. माझ्या मते कारण सरळ आहे. इथे प्रेक्षकाला उत्तर आधीच पडद्यावर दाखवलेलं असायचं. तो बघायला बसायचा ते उत्तरापर्यंतची वाट.

*

‘टू टेल द ट्रूथ’ (१९५६) हा खेळ उलटा: तिन्ही पाहुणे एकच नाव सांगतात, त्यांतले दोघं खोटे. बघायला मजा येते, पण खोटं बोलण्याचं कौतुक मला फार वेळ पुरत नाही.

*

‘व्हॉट्स माय लाइन?’ची सुरुवातीच्या काळातली बहुतेक फिल्म-मुद्रणं हातची गेली. त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी ती नष्ट केली गेली. १९५२ च्या सुमारास निर्माते गुडसन आणि टॉडमन यांनी स्वतः पैसे मोजून पुढचे भाग जतन करायला लावले. आज शेकडो भाग बघता येतात ते त्यामुळे. पण त्याआधी फळ्यावर सही करून गेलेल्या कामकरी माणसांचे चेहरे आणि आवाज परत मिळणार नाहीत, आणि तेही चिमूटभर चांदीसाठी, याचा मला राग येतो.